पेटीतला दुसरा तुकडा

"मरायला टेकलेल्या माणसाला 'उद्या येतो' म्हणून सांगितलं आणि त्या दिवशी गेलोच नाही, असं तुमच्यापैकी कुणाचं झालंय का रे कधी?"

तात्याबांनी हे चर्चच्या पायऱ्यांवर बसलेल्या पोरांना विचारलं. गाण्याची तालीम नुकतीच संपली होती आणि तेवढ्यात लाईट गेली होती. तात्याबा या चर्चचे राखणदार. चाळीस वर्षं घंटा त्यांच्याच हातची.

"भुताचं असेल तर आधीच सांगा हं," काव्या म्हणाली. "मला अंधारा जिना चढून घरी जायचंय."

"भूतबीत मला ठाऊक नाही, बाई. मला शिलास मास्तर ठाऊक होते. त्यांच्यावर जे गुदरलं ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं, आणि शेवटचं मी या डोळ्यांनी पाहिलं. मास्तर आता नाहीत. म्हणून सांगतो."

तात्याबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. सहा एप्रिलची रात्र. पवित्र गुरुवार होता, प्रभूच्या शेवटच्या भोजनाचा, आणि त्याच दिवशी चैत्री पौर्णिमाही आली होती. शिलास मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, मंडळीचे वडील, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक. पांढराशुभ्र शर्ट, बायबल तोंडपाठ. आजाऱ्यांना घरी प्रभुभोजन, प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, पोचवायचं काम त्यांच्याकडे असे. त्यासाठी एक लहान लाकडी पेटी होती. तिला कुलूप, आणि किल्ली एकच, मास्तरांच्या खिशात. पेटीत पांढऱ्या रुमालात भाकरीचे दोन तुकडे, आणि द्राक्षारसाचे झाकणाचे दोन छोटे पेले. दोन का? तर आपल्याकडची रीत अशी की आजाऱ्याला एकट्याला जेवू घालायचं नाही. नेणाऱ्यानंही त्याच्याबरोबर खायचं. एक तुकडा त्याचा, एक आपला.

त्या रात्री पेटी जायची होती बाळाबाईकडे.

बाळाबाई वळसंगच्या पुढच्या एका वस्तीवरची. मेंढरं राखणाऱ्या घरातली. विधवा झाल्यावर तिनं ख्रिस्ताला धरलं, पण माहेरची वस्ती सोडली नाही. रविवारी पहिल्या एसटीनं सोलापूरला यायची आणि उपासनेच्या आधी चर्च झाडून काढायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

आदल्या पावसाळ्यात तिचा भाऊ बिरप्पा वारला. मयताला ती गेली. भावाच्या उशाशी बसली, आणि त्यांच्यात बहिणीनं करायचं असतं तसं तिनं चिमूटभर भंडारा, म्हणजे देवाची हळद, त्याच्या कपाळाला लावली. कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं. फिरत फिरत मास्तरांच्या फोनवर आलं.

मास्तरांनी सभा बोलावली. "खऱ्या देवाच्या भाकरीला हळदीचा हात लागता कामा नये," म्हणाले. उपासना घेणारे पाळकसाहेब नको नको म्हणत होते, पण मास्तरांपुढं कोण बोलणार? बाळाबाईचं प्रभुभोजन बंद झालं.

तरी ती यायची. झाडायची. मग शेवटच्या बाकावर बसायची. भाकरीचं ताट मास्तरच फिरवायचे. तिच्यापाशी आले की ताट तिच्या डोक्यावरून उचलून पलीकडे न्यायचे. ती दोन्ही हात पदराखाली घ्यायची. आठ महिने हे मी पाहिलं. मी तरी कुठं बोललो?

तात्याबा थांबले. 

तर बुधवारी दुपारी मास्तरांना फोन आला. बिरप्पाच्या लेकीचा, सोनालीचा.

"मास्तर, आत्या लई थकलीया. पाणीबी जाईना. परभुभोजन, परभुभोजन, एवढंच म्हणती."

"पाळकसाहेबांना विचारावं लागेल."

"त्यास्नी इचारलं की! ते म्हणले, मी तयार हाय, मास्तरांना पेटी घिऊन या म्हणावं."

"बरं. उद्या उपासना झाली की येतो."

"उद्या व्हय... आज न्हाय का जमायचं? सारखी दाराकडं बघती ओ ती."

"आज कामात आहे," मास्तर म्हणाले.

काम काय होतं? गुरुवारचं प्रवचन. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्यावर. ते दोनदा लिहून झालं होतं. बुधवारी संध्याकाळी मास्तरांनी ते तिसऱ्यांदा लिहून काढलं.

गुरुवारी प्रवचन उत्तम झालं. बायकांनी डोळे पुसले. पाळकसाहेबांनी पेटी भरून मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि पावणेआठला स्कूटरला किक मारली. उपासनेसाठी फोन आवाज बंद करून पिशवीत टाकला होता, तो तसाच राहिला. शहरात हनुमान जयंतीची मिरवणूक होती, तिच्यात थोडा वेळ गेला. मग अक्कलकोट रस्ता मोकळा लागला. चांदणं असं, की दिवा बंद केला असता तरी चाललं असतं.

वळसंग मागं पडलं. डावीकडे मुरमाचा रस्ता. साडेआठला मास्तर वस्तीवर पोचले.

दोन घरं. बिरप्पाचं घर बंद, अंधारात. पलीकडे बाळाबाईची पत्र्याची खोली. मध्ये मेंढरांचं कुंपण.

मास्तरांनी स्कूटर उभी केली. कुत्रं भुंकलं नाही. गाडीच्या जुन्या चाकाशी पडून होतं, डोळे उघडे ठेवून. आणि मेंढरं... मेंढरं रात्री बसतात, पोरांनो. ती सगळी उभी होती. एकही ओरडत नव्हतं. साठ-सत्तर तोंडं एकाच बाजूला वळलेली. बाळाबाईच्या दाराकडे.

दार उघडं होतं.

"बाळाबाई?"

"या मास्तर. आलात व्हय."

आवाज खणखणीत. मास्तरांना बरं वाटलं. उगाच घाबरवलं पोरीनं, असं मनात आलं. आत गेले. बल्ब लागत नव्हता. खिडकीतून चांदणं येत होतं, तेवढाच उजेड. बाळाबाई घोंगड्यावर भिंतीला टेकून बसली होती. पाय सरळ समोर. डोक्यावर पदर.

"बरं वाटतंय वाटतं तुम्हाला?"

"आता दुखत न्हाय काय."

मास्तरांनी पेटी मध्ये ठेवली. किल्ली काढली. कुलूप उघडलं. रुमालाची घडी उकलली. दोन तुकडे, दोन पेले. बाळाबाईनं तिकडे पाहिलं. नुसतं पाहत राहिली, एखादं भुकेलं लेकरू ताटाकडे पाहतं ना, तसं.

इथंच मास्तरांनी तुकडा तिच्या हातात द्यायला हवा होता.

"बाळाबाई," ते म्हणाले, "त्याआधी एक. भावाला भंडारा लावला ती चूक झाली, एवढं म्हणा. म्हणजे मला देता येईल."

बाळाबाईची नजर भाकरीवरून हलली नाही.

"एवढंच म्हणायचं."

"भाऊ व्हता की, मास्तर."

"ते मला कळतं. पण म्हणा."

 बाहेर एकही मेंढरू हललं नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमच्या लेकाची नवी गाडी चर्चच्या आवारात आणली व्हती. परार्थनेला. आठवतंय?"

मास्तरांचा हात रुमालावरच थांबला.

"चाकाखाली लिंबू ठिवलं व्हतं. तुमी बघितलं अन् डोळं मिटलं. समद्यांना वाटलं परार्थना करत्यात." तिच्या आवाजात राग नव्हता. थोडं हसूच होतं. "ते चिरडल्यालं लिंबू मीच उचलून टाकलं. कुणाला दिसू नये तुमचं, म्हणून."

  तोंडातून एक शब्द काढला असता, 'माझंही चुकलं', तर सगळं मिटलं असतं. मला मास्तर म्हणाले होते, "तात्याबा, तो शब्द माझ्या जिभेवर आला होता रे. अगदी इथं. मी गिळला."

शरमलेला माणूस दोनच गोष्टी करतो. एक तर रडतो. नाही तर कडक होतो.

मास्तरांनी रुमालाची घडी पुन्हा घातली.

झाकण लावलं.

कुलूप... खट्.

"मी पाळकसाहेबांशी बोलतो," म्हणाले. "उद्या बघू."

बाळाबाईनं मान हलवली. "बरं. तुमी झाकून ठिवा. तुमचा तुकडा तेवढा ऱ्हावू द्या तुमच्यापाशी."

मास्तर उठले. उठताना त्यांची नजर तिच्या पायांकडे गेली. पायांचे दोन्ही अंगठे... पांढऱ्या चिंधीनं एकत्र बांधलेले होते.

जित्या माणसाचे अंगठे कुणी बांधत नाही.

ते वर बघेनात. बघवेना. दाराकडे सरकले. उंबरा ओलांडला. मागून आवाज नाही. श्वास नाही. काही नाही.

स्कूटरपाशी आले.  तेवढ्यात पिशवीत उजेड दिसला. फोन. आवाज नाही, नुसता उजेड. त्यांनी उचलला.

"मास्तर, कवापास्नं फोन करतीय! घ्येत का न्हाई ओ तुमी?" सोनाली रडत होती. "आत्या गेली. सांच्याला चार वाजता. आमी दवाखान्यातच हाय, सोलापुरात. कागद मिळंना अजून..."

"कोण... कोण गेली?"

"आत्या ओ! बाळाबाई! दुपारीच न्हेलं व्हतं तिला."

मास्तरांनी फोन कानाला तसाच धरून हळूहळू मान वळवली.

खोलीचं दार बंद होतं. कडीला कुलूप लटकत होतं. चांदण्यात स्पष्ट दिसत होतं.

आणि मेंढरं खाली बसली होती. एकेक करून, शांत, रवंथ करत.

"सोनाली," मास्तरांनी विचारलं, "वस्तीवरल्या खोलीची किल्ली कुठं आहे?"

"माझ्यापाशी हाय की. का वो?"

तात्याबा पुन्हा थांबले. काव्यानं शेजारच्या मुलीचा हात घट्ट धरला होता. पण ती काही जिन्याचं बोलली नाही. वेगळंच बोलली.

"मग मास्तरांनी दिलं का नाही तिला? शेवटी?"

"कुणाला द्यायचं आता?" तात्याबा म्हणाले. "ऐक."

मास्तर घरी कसे आले, त्यांना आठवत नव्हतं. रात्रभर ते पेटी मांडीवर घेऊन बसले. उघडली नाही. त्यांच्या बायकोनं दोनदा विचारलं, "झोपता का नाही?" मास्तर म्हणाले, "याच रात्री शिष्यांना जागं राहायला सांगितलं होतं ना प्रभूनं." पण त्यांच्या मनात प्रभूपेक्षा तो शेवटचा बाक होता. आणि पदराखाली घेतलेले दोन हात.

सकाळी उत्तम शुक्रवार होता, प्रभू क्रुसावर गेले तो. सहाला मी चर्चचं दार उघडायला आलो तर मास्तर याच पायरीवर बसलेले, कालच्याच शर्टात. मला म्हणाले, "तात्याबा, तू समोर बस. मी पेटी उघडतो." किल्ली त्यांच्या खिशातच होती. कुलूप मी स्वतः ओढून पाहिलं. घट्ट होतं.

त्यांनी ते उघडलं.

रुमाल नीट घडी घातलेला होता. त्यात भाकरीचा एकच तुकडा होता. एक पेला भरलेला होता, एक रिकामा, तळापर्यंत कोरडा. रुमालावर, जिथं दुसरा तुकडा असायला हवा होता तिथं, अंगठ्याचा एक ठसा होता. पिवळा. मी वाकून वास घेतला. हळदीचा होता.

त्या दिवशी मास्तरांनी प्रवचन केलं नाही. दहा वाजता बाळाबाईला आपल्या कबरस्तानात नेलं, तेव्हा पुढचा खांदा त्यांनी दिला. आणि त्यांच्या वाटणीचा तो तुकडा त्या सकाळी त्यांनी खाल्ला नाही. "तिच्याबरोबर खायचा होता रे तो," एवढंच म्हणाले.