थांबलोय

दिवा बारीक करा, आणि मध्येच पाणी प्यायला कुणी उठायचं नाही. ही ऐकीव गोष्ट नव्हे, माझ्या साडूंच्या बाबतीत घडलेली आहे. साडू दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावायचं आणि घरी आलं की बोलायला कुणी नाही. बायको गेल्यापासून एकच नाद उरला होता, त्यांचं दोन जणांचं छोटं विमान. शेजारची सीट रिकामीच असायची.

नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार. इंजिनाचं काम झालं म्हणून साडू विमान आणायला दुसऱ्या गावी गेले. निघता निघता अंधार पडला. शहरावरच्या आभाळात मोठ्या विमानांची रीघ असते, विमानतळाच्या मनोऱ्यातल्या माणसाला रेडिओवरून विचारल्याशिवाय तिथे शिरायची सोय नाही. त्याने नुसतं तुमच्या विमानाचं नाव घेतलं म्हणजे झालं नाही. ‘परवानगी आहे’ हे शब्द ऐकायचे, जसेच्या तसे परत म्हणून दाखवायचे, आणि तो ‘बरोबर’ म्हणाला की मगच आत.

साडूंनी विचारलं. उत्तर आलं, “थांबा.”

“थांबलोय,” म्हणत ते हद्दीबाहेरच्या तळ्यावर घिरट्या घालू लागले.

“...थांबलोय.”

रेडिओवर दुसराच आवाज. म्हातारा, दमलेला. साडूंना उलट बरं वाटलं. चला, रखडलेले आपण एकटेच नाही!

“तुम्ही कधीपासून हो?” त्यांनी विचारलं. असल्या गप्पा तिथे चालत नाहीत, पण एकटा माणूस भिंतीशीही बोलतो.

“झाले बरेच दिवस.”

साडू हसले. दाढ दुखणारे पेशंटही असंच सांगतात.

मग त्यांनी चहूकडे पाहिलं. खाली, वर. कुठेच दुसऱ्या विमानाचा दिवा दिसेना. इंधनाचा काटा मात्र उतरत होता.

शेवटी मनोरा बोलला. साडूंच्या विमानाचं नाव, उंची, आणि “परवानगी आहे.”

“माझं नाव घेतलं का हो?” आवाजाने विचारलं.

साडूंनी मनोऱ्याला सांगितलं, “इथे आणखी एक जण थांबलेत. त्यांचंही बघा.”

मनोऱ्यातल्या माणसाने रडारवर पाहिलं असावं.

“तिथे तुमच्याशिवाय कुणी नाही. परवानगी परत म्हणा.”

साडूंच्या अंगावर सर्रकन काटा आला.

“तुमच्या मागे येऊ?” आवाज आता अगदी कानाशी. “जोडीने जाणाऱ्यांना एकच परवानगी पुरते. पुढच्याने फक्त सांगायचं...”

ते खरं होतं. नाही म्हणावं, आणि सुटावं इथून. पण हा माणूस इथेच राहणार... अंधारात... कुणी नाव घेईपर्यंत. साडूंना स्वतःचं घर आठवलं.

बटण दाबलं. सगळं जसंच्या तसं म्हटलं. आणि शेवटी तोंडातून निघून गेलं, “आम्ही दोघं.”

मनोऱ्यात गडबड असेल. सवयीने उत्तर आलं.

“बरोबर.”

साडूंनी विमानाचं नाक शहराकडे वळवलं.

साडू उतरले. दवाने ओल्या गवतावरून विमान शेडपर्यंत नेलं. आत ढकललं. कुलूप लावलं. मागे पाहिलं नाही.

सकाळी उजाडताच गेले. कुलूप जसंच्या तसं. दवात चाकांच्या खुणा शेडच्या दारापर्यंत आलेल्या.

दोन विमानांच्या.

आत गेलेल्या. बाहेर आलेली एकही नाही.