डावा हात खिशात

मी शालिकराम. बालाघाटात हार्मोनियम दुरुस्त करतो. सूर काहून बिघडला ते पेटी उघडली की दिसतं. न दिसणाऱ्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही.

१९६८च्या उन्हाळ्यात खाणीच्या क्लबानं इंग्रज साहेबांच्या काळचा पियानो बघायला बोलावलं. सोबत हिरालाल आला, माझा बालमित्र. बारा वर्षं यानं मुंबईत हॉटेलांत पियानोवर जॅझ वाजवलं, स्टुडिओत गाण्यांना साथ दिली. पण एकाही रेकॉर्डवर नाव नाही. साथीदारांची नावं छापायची रीतच नव्हती. मग लकवा झाला, डावा हात लुळा पडला आणि गडी बहिणीकडे परतला.

पियानो उघडला. डावीकडच्या तारा कोणीतरी कधीच काढून नेलेल्या.

"अर्धा मेला हाये," मी म्हटलं.

"माह्यासारखाच," म्हणत हिरालाल बसला.

तेवढ्यात डावीकडची अगदी शेवटची पट्टी आपोआप दोनदा घुमली. स्टुडिओत 'मी तयार' सांगायची हिरालालची हीच खूण होती. तो उजव्या हातानं वाजवू लागला, आणि खालून डाव्या हाताची साथ आली.

"शाल्या, डावा तू वाजवून राह्यला काय?"

"मले येते काय बे?"

मी आत हात घातला. तारा नव्हत्या. तरी तळहाताखाली लाकूड घुमत होतं. खरं सांगतो, मी जाम घाबरलो. हिरालाल मात्र रडत रडत हसत होता.

तो रोज क्लबात वाजवायला येऊ लागला. श्रावणात मुंबईच्या स्टुडिओवाल्यांचं पत्र आलं: जॅझची रेकॉर्ड काढतोय, या वेळी कव्हरवर तुझं नाव. हाताचं त्यांना ठाऊक नव्हतं.

"नको जाऊ, भाऊ. हासतीन लोकं," लीलाबाई, त्याची बहीण, म्हणाली.

"तिथं डावा नाही वाजला, त मंग सोडतो पियानो," तो म्हणाला आणि गेला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी, ठरलेल्या वेळी, सकाळी अकराला मी क्लबात त्या पियानोसमोर बसलो होतो. एकटाच.

शेवटची पट्टी दोनदा खाली गेली.

आवाज आला नाही.

मग डावीकडच्या पट्ट्या भराभर खालीवर होऊ लागल्या. मुक्या.

"वाजव, बाप्पा," मी म्हटलं. "वाजव."

दिवाळीत हिरालाल रेकॉर्ड घेऊन आला. लावली, तर आधी दोनदा ती घुम, मग दोन्ही हात, खणखणीत. कव्हरवर छापलेलं होतं, 'पियानो : हिरालाल'. लीलाबाई त्या नावावरून पुन्हापुन्हा बोट फिरवत होती. मलाही भरून आलं.

खाली स्टुडिओतला फोटो होता. हिरालालचा उजवा हात पियानोवर, डावा खिशात.

डावीकडच्या चार पट्ट्या दाबलेल्या होत्या.