उचलला कशाला?

"माझा नातू आत्ता माझ्याशी बोलतोय बरं का," मुलाणी मास्तर खारे शेंगदाणे चघळत म्हणाले. "बराच वेळ झाला. मी त्याला परीक्षेवरून चांगलंच झापलंय म्हणे."

"म्हणे?" अंबादास गुळव्यांनी विचारलं.

"संध्याकाळच्या गोषवाऱ्यात कळेल की काय झापलं ते. सरकवा ते शेंगदाणे इकडं."

बार्शीच्या बागेतल्या त्या कट्ट्यावरचे म्हातारे हसले. त्या प्रत्येकाच्या उजव्या कानात मसुरीएवढा एक कानमणी होता आणि कानमण्यात एक बोलक्या. कंपनीच्या कागदांत त्याचं नाव 'प्रतिवाचक' असं भारदस्त होतं, पण लोकांनी त्याला बोलक्याच केलं. फोन आला की तो उचलायचा, तुमच्याच आवाजात, तुमच्याच लकबीने. समोरच्याला वाटायचं, तुम्हीच बोलताय. शब्दांवरून तो कॉलची निकड जोखायचा. निकड मोठी असली तरच तुमच्या कानात आवाज यायचा, नाहीतर परस्पर बोलून मोकळा. "आता एकही कॉल चुकणार नाही," अशी जाहिरात होती, आणि खरंच, देशात कुणाचा एकही कॉल चुकत नव्हता. बापलेकांचं बोलणं बंद होऊन वर्षं झाली होती, पण कॉल चुकत नव्हता!

गुळव्यांना हे सगळं झकास वाटायचं. वाटणारच. बार्शीत पहिल्यांदा मोबाइल विकणाऱ्यांपैकी ते एक होते. बसस्टँडसमोर टपरीवजा दुकान, काचेच्या कपाटात विटेसारखे जाडजूड हँडसेट, आणि गुळव्यांची अखंड टकळी. अडत्यांना, डॉक्टरांना, लग्नाच्या बँडवाल्यांनासुद्धा त्यांनी पटवून दिलं होतं की फोनशिवाय माणूस म्हणजे चाकाशिवाय सायकल. "याची गरज काय मला?" असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला ते हमखास सांगायचे, "गरज घेतल्यावर कळते, मालक!" कुठंही निघायचं असलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आलोच, दोन मिनिटं." त्या दोन मिनिटांत माणसं जेवून झोपायची, पण वाक्य बदललं नाही.

स्वतःच्या घरी मात्र या विक्रेत्याने फोन फुकटात वाजवला. तेव्हा सगळेच वाजवायचे. मिसकॉल! एक रिंग द्यायची आणि कट करायचं. पोचलो, निघालो, खाली ये, मला फोन कर, सगळं त्या एका रिंगमध्ये. कंपन्या कपाळ बडवून घेत होत्या आणि उभा देश एकमेकांना न बोलता सांगत होता. गुळवे दुकानाचं शटर ओढलं की घरी एक रिंग द्यायचे, की बायको, रत्नमालाबाई, तवा चढवायच्या. घरून एक रिंग आली तर 'काम आहे, या', आणि लागोपाठ दोन आल्या तर 'हातातलं टाकून या'. नव्या नवलाईत एकदा गुळव्यांनी चुकून फोन उचलला, तर बाई कडाडल्या होत्या, "अहो, मिसकॉल होता तो! उचलला कशाला?" पुढं कित्येक वर्षं ते दोघं त्यावरून हसायचे. ही रीत पैशापायी सुरू झाली खरी, पण फोन स्वस्त झाले, फुकट झाले, तरी त्या घरात ती टिकली. नवराबायकोत एवढं तरी काहीतरी फक्त दोघांचं असावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी रत्नमालाबाईंना लकवा मारला. डावी बाजू गेली आणि वाचा गेली. समज मात्र लख्ख राहिली, आणि हेच वाईट. पुण्याला कानमण्याच्याच कंपनीत असलेल्या तेजसने, त्यांच्या मुलाने, आईसाठी मुद्दाम एक यंत्र करून पाठवलं. जुन्या मोबाइलच्या आकाराचं, एकच मोठं बटण. दाबलं की बाबांना कॉल. "फार गरज असली तर बटण दाबून धरायचं, लाल दिवा लागेपर्यंत," हे त्याने आईला दहादा समजावलं. बाईंनी मान हलवली. गुळव्यांनाही हायसं वाटलं. घराच्या मागच्या गल्लीतच बाग, हिने बटण दाबलं की आलोच.

पण बटणाचा कॉल कधी आलाच नाही. रोज संध्याकाळी बोलक्या गोषवारा सांगायचा, "आज महत्त्वाचा कॉल नाही," आणि गुळवे मनात म्हणायचे, बरं चाललंय हिचं. हळूहळू कट्ट्यावरची बैठक लांबत गेली. अलीकडे रत्नमालाबाई भिंतीकडे तोंड करून पडायच्या, ते आले तरी वळायच्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, या आजारात मन खचतं. गुळव्यांनी मान डोलावली. एवढ्या मोठ्या डॉक्टरपुढं काय बोलणार!

त्या दिवशी शेंगदाणे संपवून ते घरी आले, तर दारातच अश्विनी उभी. रत्नमालाबाईंना सकाळ-संध्याकाळ सांभाळायला येणारी ही बाई एरवी शब्दाला महाग, पण आज तिचे डोळे लाल होते.

"काका, जरा तरी लाज वाटू द्या ओ! दुपारपासनं ओल्यात पडल्यात काकू. पाठ सोलून निघालीय त्यांची."

"अगं, मग मला बोलवायचं ना!"

"बोलवलं की! आत्ता आले तेव्हा माझ्यासमोर बटण दाबलं त्यांनी. तुम्हीच म्हणला, आलोच, दोन मिनिटं. रोजच म्हणता. मी कितीदा ऐकलंय माझ्या कानांनी. मी गप बसले, म्हणलं नवराबायकोत आपण कशाला तोंड घाला."

"मी? मी कधी म्हणालो?"

अश्विनीने नुसतं आत बोट दाखवलं. ते आत गेले. उशाशी ते यंत्र पडलं होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने बटण दाबलं आणि सोडलं. कानातला मणी गप्प होता, साधं खुट्ट झालं नाही. आणि हातातल्या यंत्रातून त्यांचाच आवाज आला. मायेचा, थोडा घाईतला, अगदी त्यांचा.

"हं, बोल गं रत्ना." मग थोडी शांतता. "बरं बरं. आलोच, दोन मिनिटं."

खट्. कॉल बंद.

पलंगावर रत्नमालाबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. गुळवे तिथंच फरशीवर बसले. मग कानाला बोट लावून त्यांनी विचारलं, "हिचे आजवर किती कॉल आले?"

"घरच्या यंत्रावरून नऊशेच्या वर," बोलक्या अदबीने म्हणाला. "सर्व उचलले आहेत. एकाही कॉलमध्ये शब्द नव्हते, म्हणून निकड शून्य. अनवधानाने लागलेले कॉल म्हणून नोंद केली आहे. आपल्या नेहमीच्या पद्धतीने निरोप घेतला आहे."

नेहमीच्या पद्धतीने! त्या बिचाऱ्याने पदरचं काय घातलं होतं? गुळव्यांनी जन्मभर जगाला जे ऐकवलं, तेच त्याने त्यांच्या बायकोला ऐकवलं होतं.

त्यांनी तेजसला फोन लावला.

"बोला बाबा! तब्येत काय म्हणते? आई बरी आहे ना?" आवाज प्रसन्न होता. जरा जास्तच प्रसन्न होता.

"तेजस, आपल्या घरात एक रिंग आली तर काय समजायचं?"

"एक रिंग म्हणजे बहुधा नेटवर्कची अडचण असेल बाबा. मी बघायला सांगतो."

हा पोरगा लहानपणी एक रिंग ऐकली की "आई, तवा!" म्हणून घर डोक्यावर घ्यायचा. गुळव्यांच्या अंगाची लाही लाही झाली. "ए यंत्रा," ते ओरडले, "माझ्या पोराला बोलव! त्याची आई सडत पडलीय म्हणावं!"

एवढे शब्द निकडीला पुरले. खरा तेजस बोलायला लागला, दमलेला, धास्तावलेला. सगळं ऐकून तो म्हणाला, "बाबा, यंत्रणेत दोष नाहीये. आई बटण दाबून लगेच सोडते. दाबून धरायचं सांगितलं होतं ना तिला?"

"अरे, तुझी आई मिसकॉल देत होती रे! जन्मभर मिसकॉलच दिलाय तिने. रिंग गेली की बोट उचलायचं, ही तिच्या हाताची सवय आहे. आणि समोरच्याने उचलायचा नसतो, उठून यायचं असतं!"

"पण बाबा, आता मिसकॉल असा प्रकारच राहिला नाही. तेच तर आम्ही संपवलं."

"संपवलंत खरं," गुळवे म्हणाले. "आणि तिची काय गत झाली ते येऊन बघ. तू ये. तुझ्या त्या बोलक्याला पाठवू नकोस."

"येतो बाबा. सुट्टी मिळाली की लगेच."

हे तेजस बोलला की दुसरं कुणी, हे गुळव्यांना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. कानमणी काढून त्यांनी माळ्यावरच्या खोक्यात टाकला, न विकल्या गेलेल्या जुन्या हँडसेटांच्या ढिगात. त्यातला एक उगाच हातात घेऊन त्याची बटणं दाबून पाहिली. तो कसला चालू होतोय! आणि झाला असता तरी त्याच्या लहरी पकडणारे टॉवर कधीच निघून गेले होते.

मग त्यांनी देवघरातली पितळी घंटा आणली, पलंगाच्या दांडीला टांगली आणि तिच्या लोलकाला बांधलेल्या सुतळीचं टोक बायकोच्या उजव्या हाताशी ठेवलं.

"रत्ना, तो मी नव्हतो गं. यंत्र होतं ते, माझ्या आवाजातलं. मला एकही रिंग ऐकू आली नाही, तुझी शपथ. आता ही घंटा वाजव. कानात काही नाही बघ माझ्या."

रत्नमालाबाईंनी ऐकलं. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. नऊशे वेळा बोलावून थकलेल्या बाईला एका शपथेवर विश्वास ठेवा म्हणणं सोपं असतं. त्यांनी बोटांनी सुतळी बाजूला सारली. गुळव्यांनी ती पुन्हा हाताशी आणून ठेवली.

कट्टा सुटला. गुळवे घरात बसून राहू लागले, वर्तमानपत्राचं पान उलटतानासुद्धा आवाज होऊ नये म्हणून जपू लागले. घंटा काही वाजली नाही. अश्विनीने त्यांना भाकरी थापायला शिकवली, ती मात्र जमू लागली.

आणि एका दुपारी, दोन्ही हात पिठात असताना, घंटा वाजली. एकदाच. एक रिंग!

गुळव्यांचा ऊर असा भरून आला की त्यांचं भान सुटलं. परात तशीच टाकून ते धावले आणि धावता धावता, जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं, "आलोच गं रत्ना, आलोच!"

ते खोलीत पोचले तेव्हा सुतळी हातातून सुटलेली होती. रत्नमालाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं आणि डोळे मिटले होते. हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. या शब्दांमागून कधी कुणी येत नाही, हे त्यांना पाठ झालं होतं.

गुळवे पलंगाशी उभे राहिले. पिठाचा हात त्यांनी बायकोच्या हातावर ठेवला. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले, हात वर केला आणि त्यांचा उजवा कान चाचपला. मग डावाही. दोन्ही रिकामे होते. तरी ती त्यांच्याकडे बघत राहिली, दुकानात यायची ना संशयी गिऱ्हाइकं, माल खरा की खोटा तपासणारी, तशी.

"मीच आहे," असं म्हणायला गुळव्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तेही याच आवाजात म्हणावं लागणार होतं. ज्याचा आवाज असा वापरून संपवला, त्या माणसाने बायकोला आता कशाने सांगायचं, की मी आलोय?