कोरीटच्या धनुबाईचा विळा

ही ऐकीव गोष्ट नाही. रुपा माझी सख्खी मावसबहीण. तिच्या पाठीवरचे वण मी या डोळ्यांनी पाहिलेत.

गाव कोरीट, तालुका नंदुरबार. गेल्या वर्षीचा पौष महिना, दुपारचे तीन.

रुपाची सासू धनुबाई. लेकराला दम लागला की विळा तापवून त्याच्या पोटावर डाग द्यायची. अर्ध्या गावाने तिच्या हातचे चटके खाल्लेत. रुपाने मात्र आपल्या काजलला तिला शिवू दिलं नाही. त्याच रागात म्हातारी गेली.

त्या दुपारी शेजारच्या मैदानातल्या पथारीवर मिरची वाळत होती. वारा फिरला, तिखट धूळ घरात शिरली...

चार वर्षांच्या काजलचा श्वास कोंडला. बरगड्या आत ओढल्या जात होत्या, ओठ निळे पडले होते.

नवरा भूपेश शहाद्याला. रुपाने १०८ला फोन लावला. डॉक्टरांनी बजावलं होतं, आडवं करायचं नाही. पोरीला मांडीवर बसवून तिने दम्याच्या पंपाला जोडलेल्या नळीचा मास्क तोंडाला लावला. पंपाचा एक दाब, सहा श्वास.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून...

फू... फू...

कोणीतरी चूल फुंकत होतं.

चूल तर म्हातारीच्या तेराव्यानंतरच मोडली होती.

मग तापल्या लोखंडाचा वास आला...

"सर बाजूले. डाग देसू, दम निघी जाई."

दिसलं कोणीच नाही. पण झिंज्या धरून रुपाचं डोकं भिंतीवर आपटलं. कपाळ फुटलं, डोळ्यांत रक्त आलं. काजलचा फ्रॉक आपोआप वर सरकू लागला...

रुपाने लेकीला कुशीत घेऊन आवाजाकडे पाठ केली.

"आत्याबाई, पोर मन्ही शे! मारनं व्हई तं माले मारा!"

चर्रर्र...

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. मांस जळाल्याचा वास घरभर पसरला. रुपा ओरडत होती, पण मास्क सोडला नाही. दाब, सहा श्वास. दाब, सहा श्वास.

गाडी आली, ऑक्सिजन लागला. दवाखान्यात तासाभराने काजल भोकाड पसरून रडली, तेव्हा कुठे रुपाच्या जिवात जीव आला.

"पाठ कोणी भाजली?" डॉक्टरांनी विचारलं.

भूपेशवर नाव यायला नको म्हणून ती म्हणाली, "चुलीवर पडले."

तेव्हापासून काजलला दम लागायच्या आधी रुपाचे वण पेटतात. ती लगेच पंप काढते. एकदाही चुकलेलं नाही. आधी भूपेश हसायचा, आता हसत नाही.

परवा तिचा फोन आला.

"ताई, आते पाठ नही... पोट जळस."



रुपाला सहावा महिना लागलाय.