स्टॅनविकांच्या धाकट्याची चौथी फेरी

दार उघडलं, तर पायरीवर आमच्या भागातल्या उमरावांचा, अर्लसाहेबांचा, धाकटा मुलगा निथळत उभा – छातीवर हुजूर पक्षाच्या उमेदवाराची फीत, हातात मतदारांची यादी.

“मी ऑब्रे स्टॅनविक. तुमच्या मतासाठी—”

“माझं मत मजूर पक्षाला. पक्कं.”

“बरं… मग हा नकार आत, शेकोटीजवळ बसून द्याल का? बूट पाण्याने भरलेत.”

मी हसले. तीच चूक झाली.

नदीच्या पाण्याचे नमुने तपासणं ही माझी नोकरी. चहा पिता पिता मी सांगून टाकलं, की त्याच्या वडिलांच्या डेअरीचं सांडपाणी मिसळलं की पुढे नदीतला प्राणवायू निम्म्यावर येतो. पुढच्या मंगळवारी तो पुन्हा आला – सांडपाण्याचा तो नळ स्वतः पाहून, चिखल गुडघ्यापर्यंत! तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचे प्रश्न माझ्या साहेबांपेक्षा नेमके होते. आणि ऐकताना तो असा टक लावून बघायचा, की मी आकडा विसरायचे. मी!

चौथ्या फेरीला त्याची यादी टेबलावर उघडी राहिली. माझ्या नावापुढे लिहिलं होतं – ‘अनिश्चित’.

“ही खोटी नोंद आहे, मिस्टर स्टॅनविक.”

“आहे.” त्याचे कान लाल झाले. “नाही म्हणणाऱ्या घरी आम्ही पुन्हा जात नाही, मिस टॅलंटायर. अनिश्चितांकडेच जातो.”

पाऊस काचेवर वाजत राहिला.

“परवा मतदान,” मी म्हटलं. “मग?”

“मग… यायला निमित्त नाही.”

मी पेन्सिल घेतली, शब्द खोडला आणि लिहिलं – ‘विरोधी’. त्याचा चेहरा पडला.

“नोंद खरी हवी,” मी म्हटलं. “आणि रविवारी एक वाजता जेवायला या. निमित्ताशिवाय. बाबा चाळीस वर्षं खाणीत होते. उमरावांबद्दल त्यांचं मत माझ्याहून पक्कं आहे.”

“मला कच्चा खातील?”

“भाजून. रविवारी आमच्याकडे मांस भाजूनच होतं.”

तो ब्याण्णव मतांनी हरला. रविवारी येईल की नाही… पाऊण वाजल्यापासून मी खिडकीत होते.

एकला दोन मिनिटं कमी असताना तो आला. फीत नव्हती. बाबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

“हरलास ना? बस मग. हरलेल्यांना आमच्याकडे दोनदा वाढतात.”

बाबा मांस कापायला वळले, तसा तो पहिल्यांदाच मला नावाने हाक मारत कुजबुजला, “विनी… तुझं मत?”

“विरोधात गेलं.”

“आणि तू?”

“मी कुठे गेलेय? तुझ्या शेजारी आहे. बटाटे सरकव.”

त्याने डाव्या हाताने सरकवले. उजवा माझ्याकडे होता.