टाचणीच्या बापाची जाहीर नोटीस

चौदा महिन्यांचा तुरुंगवास भोगून लेक गादीच्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली, आणि बापाच्या हातातला दाभण होता तिथेच थांबला... किती वाळली होती पोर! आत ये म्हणायचीसुद्धा त्याची छाती झाली नाही. तिने मुठीतलं वर्तमानपत्राचं कात्रण त्याच्यापुढे टाकलं. त्याचीच जाहीर नोटीस होती ती. 'टाचणी' या नावाने रॅप गाणाऱ्या मुलीशी आमचा कसलाही संबंध उरलेला नाही!

टाचणीचा गुन्हा काय, तर कारखान्याच्या आगीत जळालेल्या एकेचाळीस कामगारांची नावं सरकारने दाबली, ती तिने ठेक्यात बसवून चौकाचौकात गायली. परवान्याचा शिक्का नसलेलं गाणं गायलं की देशद्रोह, असा नवा कायदा! या लोकांना गाणं कळत नाही, पण कशाला घाबरायचं ते बरोबर कळतं. तिला उचललं, नेटवरची तिची गाणी पुसली, मित्रांची घरं उलथीपालथी करून यंत्रं फोडली. आणि चौथ्याच दिवशी बापाने नोटीस छापली. ती वाचून तिची आई जी मावशीकडे निघून गेली ती परतली नाही. गल्ली त्याच्या नावाने थुंकली. त्या मायाळू हृदयाने सारं निमूट गिळलं...

लेक म्हणाली, "घरी ठेवलेली गाण्यांची माझी पिशवी पोलिसांच्या हवाली केलीत ना? तेवढं सांगा, मी जाते."

त्याने शटर अर्ध्यावर ओढलं, कोपऱ्यातली गादी उलटी केली, ब्लेडने शिवण उसवून कापसात कोपरापर्यंत हात घातला. एक, दोन... सात पेनड्राइव्ह.

"लेकीला टाकलेल्या बापाच्या घरी झडती कोण घेतं?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "साहेब आला होता. याच गादीवर बसून चहा प्यायला. बाप असावा तर असा, म्हणाला. उठताना म्हणाला, गादी जरा टोचते."

तिला हसू फुटलं आणि हसताहसताच तिने त्याच्या छातीवर कोसळून हंबरडा फोडला. चौदा महिने रोज शिव्या दिल्या तुम्हाला, रोज... पहिल्याच गाण्यात बाबांचं नाव घेणार, सगळ्यांना सांगणार, असं ती म्हणू लागली, तसा त्याने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"नवी गाणी ठेवायची कुठे मग? मी वाईटच राहू दे. आईच्या कानात तेवढं सांग. आणि आता भांडून जा. गल्ली ऐकतेय."

डोळे कोरडे करायला तिला वेळ लागला. मग धाडकन शटर वर करून ती भर रस्त्यात उभी राहिली आणि कणा नसलेला, लाळघोट्या, पोटची पोर विकणारा, असं तोंडाला येईल ते बापाला बोलली. खिडक्या उघडल्या. मध्येच तिचा आवाज फाटला, लोकांना तो संताप वाटला.

आत बाप दाभणात दोरा ओवत होता आणि दोरा दिसत नव्हता. एकेक शिवी तो आशीर्वादासारखी झेलत होता... पोर घरी आली देवा, आणि आवाज कसा खणखणीत राहिलाय तिचा!