मांडून ठेवलेला लॅपटॉप

योउकोनं मला फसवलं, असं मी आजही म्हणते. वार्काउस गावातलं त्याचं दुकान कायमचं बंद होत होतं, आणि गिऱ्हाइकांना बघायला काचेजवळ मांडून ठेवलेला लॅपटॉप त्यानं मला स्वस्तात दिला. "खोक्यातल्या नव्यापेक्षा हाच घे. इतक्या लोकांनी हाताळलाय, खोट असती तर कळली असती." शाळेत माझ्या बाकावर बसायचा, म्हणून विश्वास ठेवला. लॅपटॉपमध्ये घातलेलं दुकानाचं कुलूप काढायचं मात्र साहेब विसरले.

माझ्या मुलीची, हिल्लाची, शाळा संपतानाची मोठी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. आमच्याकडे मुलं ती आपापल्या लॅपटॉपवर देतात. शाळा पेनड्राइव्ह देते, आणि लॅपटॉप त्यावरून सुरू व्हावा लागतो. आमचा होईना. दुकानात दाखवायची, तळ्याच्या चित्रांची चकचकीत जाहिरात लागायची आणि मग दुकानाचा पासवर्ड मागायचा. तो योउकोलाही आठवत नव्हता.

"आई, शाळेकडून उसना घेऊया ना. कितीतरी जण घेतात."

"घेऊ देत. या घरात कुणी कुणापुढे हात पसरलेला नाही. कर परत रीसेट."

दुपारचं ऊन बर्फावरून उलटून स्वयंपाकघरात येत होतं. कॉफी गार झाली होती. हिल्लानं मुकाट्यानं रीसेट केलं. पंखा घरघरला, पडदा काळा झाला, आणि या वेळी पासवर्डाऐवजी प्रश्न आला: तुझ्या कुत्र्याचं नाव काय?

"सुटलो एकदाचे," मी म्हटलं. तिनं 'नप्पी' असं लिहिलं. पडद्यावरची पट्टी थोडी सरकली आणि अडकली.

टेबलाखालून नप्पीनं तिच्या गुडघ्याला नाक लावलं. हिल्लानं पाय झटकन मागे घेतला.

"हा कुणाचा गं?"

"परीक्षा डोक्यावर आलीय आणि तुला थट्टा सुचतेय," मी खेकसले.

दुसरा प्रश्न आला: पोहायला कुठे शिकलीस? आजोबांच्या तळ्याकाठच्या धक्क्यावर, असं तिनं लिहिलं. पट्टी आणखी सरकली. मग तिची नजर फ्रिजवरच्या फोटोकडे गेली. त्यात ती ओल्या केसांनी माझ्या बाबांच्या मांडीवर बसलेली आहे.

"हे म्हातारे कोण?"

ती हसत नव्हती. मला घाबरण्यापेक्षा चिडणं सोपं जातं. मी खिडकीशी जाऊन योउकोला फोन लावला आणि त्याची चांगली खरडपट्टी काढली. काय गळ्यात मारलंस, कसले प्रश्न विचारतंय हे?

"प्रश्न?" तो म्हणाला. "मेर्या, त्यात प्रश्नबिश्न काही नव्हते. नुसती जाहिरात लागायची."

"मग मी काय खोटं बोलतेय?"



"रोज रात्री दुकान बंद झालं की लोकांनी दिवसभरात त्यात लिहिलेलं आपोआप पुसलं जायचं. असल्या लॅपटॉपचं तसंच असतं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण शेवटी शेवटी गिऱ्हाइकं त्याच्याशी खेळून झाली की माझ्याकडे यायची. आपण इथे कुणाबरोबर आलो होतो, असं विचारायची. मला वाटायचं, मस्करी करतात."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

मी फोन आपटला आणि वळले.

पडद्यावर तिसरा प्रश्न होता: तुझ्या आईचं नाव काय?

"थांब," मी म्हटलं. "हिल्ला, हात काढ."

पण दुपारभर मी तिला आवर, आवर म्हणून ओरडत होते. ती आवरत होती. शेवटचं अक्षर उमटलं तेव्हा मी टेबलापर्यंत पोचलेही नव्हते.

पट्टी भरली.

पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकला. परीक्षेचं पान उघडलं, एकही चूक नाही.

हिल्लानं सुटकेचा श्वास सोडला. लॅपटॉप पिशवीत घातला, कप विसळून ठेवला, दाराशी बसून बूट घातले. मग उठून माझ्याकडे बघत अदबीनं हात पुढे केला.

"फार त्रास दिला तुम्हाला," ती म्हणाली. "निघते आता. आई घरी वाट बघत असेल."